हेल्सबरीच्या किल्ल्याचा दरवाजा

हेल्सबरीचा किल्ला पाडून टाकावा, असा पार्लमेंटचा हुकूम आला तेव्हा निम्मं गाव हळहळलं. चारशे वर्षं डोक्यावर उभा असलेला किल्ला तो. उर्सुला पेनी मात्र त्याच सकाळी कुदळ खांद्यावर टाकून टेकडी चढली.

"बायकांनी टोपल्या वाहायच्या," पाडकामाचा मुकादम हेमन मिस्त्री म्हणाला. "कुदळ पुरुषांची."

"मग मला पुरुष धर. नाहीतर ही माझ्या हातातून काढून दाखव."

हेमनने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो मुकाट्याने बाजूला झाला.

दोन वर्षांपूर्वी इंग्लंडचा राजा आणि पार्लमेंट यांची जुंपली, तेव्हा इथला किल्लेदार सर गॉडफ्री राजाच्या बाजूचा होता. वेढा पडणार असं दिसताच त्याने गावात दवंडी पिटवली : धान्य घेऊन आत या, या भिंती तुम्हाला सांभाळतील. उर्सुला घरी बिअर गाळून विकायची. तिने आणि तिच्या धाकट्या बहिणीने, मार्जरीने, घरातले होते नव्हते ते सगळे जव आत नेऊन घातले. जानेवारीत कोठारं तळाला गेली. मग सर गॉडफ्रीने बायका, म्हातारे, लुळेपांगळे असे सगळे वेगळे काढले. "ही नुसती खाणारी तोंडं," म्हणाला, आणि एकसष्ट जणांना दरवाज्याबाहेर काढलं; त्यांत या दोघी बहिणीही होत्या. समोर वेढा घालून बसलेले सैनिक पुढे जाऊ देईनात, मागे दरवाजा उघडेना. नऊ दिवस ती माणसं खंदकात, बर्फात पडून होती. रोज सकाळी वरून भाकरी भाजल्याचा वास यायचा. उर्सुलाच्याच जवाची भाकरी. सहाव्या दिवशी मार्जरी गेली. तेव्हाही तो वास येतच होता. दहाव्या दिवशी किल्ला पार्लमेंटच्या हाती गेला, तेव्हा कुठे उरलेली माणसं खंदकातून सुटली.

म्हणून उर्सुला खणत होती. मोठ्या बुरुजाचा पाया पोखरून खाली लाकडी टेकू दिले आणि शेवटी ते टेकू पेटवले. बुरुज आधी किंचित झुकला, मग एकदम बसला. हेमनने डोळे पुसले; त्याच्या आजा-पणजांच्या छिन्नीच्या खुणा त्या दगडांवर होत्या.

"रडतोस कसला?" उर्सुला कडाडली. "माझी मार्जरी मेली तेव्हा या दगडांना पाझर फुटला होता का?"

हेमन पुढच्या भिंतीकडे वळला.

पंधरवड्याने दुसरा कागद आला. दरवाज्याच्या भिंतींना हात लावायचा नाही. सर गॉडफ्रीने पार्लमेंटशी जुळवून घेतलं होतं, त्याची जहागीर त्याला परत मिळाली होती, आणि दरवाज्यावरच्या खोल्यांत तो राहायला येणार होता. सगळं पडलं आणि नेमका तोच दरवाजा राहणार! उर्सुलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो खोल्या पाहायला आला तेव्हा तिने त्याच्या घोड्याचा लगामच धरला.

"खंदकातली माणसं आठवतात का, साहेब?"

"लढाई होती, बाई. मन घट्ट करावं लागतं."

"पोट भरलेलं असलं की मन घट्ट करता येतं. भाकरी माझ्या जवाची होती."

"नाव काय तुझं?" त्याने कपाळाला आठ्या घालत विचारलं.

"आज विचारताय? तेव्हा तोंडं मोजलीत, नावं विचारायची राहून गेली वाटतं."

त्याने लगाम हिसडला आणि तो निघून गेला.

सोमवारी सकाळी उर्सुला आली ती एकटी नव्हती. खंदकातून जिवंत निघालेली बावीस माणसं तिच्यामागे होती. हेमन आडवा झाला.

"उर्सुला, हुकूम आहे. मला फासावर चढवतील."

"वाच तो हुकूम. मोठ्याने वाच."

त्याने वाचला. मग तोच कागद पुन्हा, बोट फिरवत, सावकाश वाचला.

"भिंतींना हात लावायचा नाही, असं आहे," तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "छपराबद्दल अक्षर नाही. जिन्याबद्दलही नाही."

आणि पहिली शिडी त्यानेच लावली.

दोन दिवसांत छपरावरचे शिशाचे पत्रे उतरले, तुळया निघाल्या, जमिनीच्या फळ्या, जिने, खिडक्यांच्या चौकटी, सगळं गेलं. दरवाज्याची ओक लाकडाची जड दारं बिजागऱ्यांवरून उतरवायला चौदा माणसं लागली. ती उर्सुलाने कुणाला घेऊ दिली नाहीत. खंदकातच कुऱ्हाडीने फोडली आणि पेटवून दिली.

सर गॉडफ्रीने आकाशपाताळ एक केलं. पण हेमनने हुकूम पुढे केला : भिंती जशाच्या तशा होत्या. आत पाऊस पडू लागला, कावळ्यांनी घरटी केली. सर गॉडफ्री तिथे एक दिवसही राहिला नाही; पुढे तो दुसऱ्या परगण्यात गेला आणि मऊ अंथरुणात, म्हातारा होऊन मेला.

ती बातमी ऐकली तेव्हा उर्सुला पिंपात कढत पाणी ओतत होती.

"किती दिवस लागले मरायला?" तिने विचारलं.

"झोपेतच गेला म्हणतात."

तिने हातातलं भांडं भिंतीवर फेकून मारलं.