कागदाखालचा केस

कलमकाकूंनी डोक्यातला एक लांब केस उपटला, काउंटरच्या काचेवर ठेवला आणि त्यावर बिलाचा कोरा कागद टाकला. मग चामड्याचे हातमोजे चढवून डोळे मिटले.

"फिरव," त्या सुनेला म्हणाल्या.

सुनेने कागदाखालचा केस इकडचा तिकडे केला. काकूंचं बोट कागदावरून सावकाश गेलं, परत आलं. दुकानदार बघतच राहिला. हातमोजे घेताना लोक माप बघतात, फार तर शिवण ओढून बघतात. केस उपटणारं गिऱ्हाईक त्याच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं.

"नाही. दुसरे दाखवा."

गुलाबाचे डोळे भरण्यात काकूंची हयात गेली होती. रानगुलाबाच्या खुंटाच्या सालीला चीर द्यायची, नखाने साल अलगद उचलायची, चांगल्या जातीच्या फांदीवरचा डोळा आत सरकवायचा आणि वरून पट्टी बांधायची. बोटाला साल कळली नाही, तर डोळा आठवड्याभरात काळा पडतो. गेल्या हंगामात निम्मे डोळे तसेच गेले होते, आणि काकूंनी खुंटांना यथेच्छ नावं ठेवली होती. त्यात माती आणि फवारणीच्या औषधाने हातांची पार दैना केलेली. भेगा, पुरळ, आग. डॉक्टरांनी बजावलं होतं, हातमोज्यांशिवाय झाडाला हात लावायचा नाही. आणि रबर तर मुळीच नको, त्यानेच तुमच्या अंगावर उठतं. रोपवाटिकेच्या मालकांनी सोमवारपर्यंत मुदत दिली होती. हातमोजे घालून दहा डोळे भरून दाखवा, नाहीतर कलमं दुसऱ्याकडे आणि तुम्ही पाण्याच्या नळीवर.

सुती मोजे झाले. विणलेले झाले. प्रत्येक वेळी काकूंच्या कपाळावर एक आठी वाढत गेली. शेवटी दुकानदाराने आतून एक खोका आणला.

"हे बघा. यात रबर अजिबात नाही. दवाखान्यात वापरतात."

कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ मोजे. काकूंनी ते जपून चढवले, डोळे मिटले. बोट गेलं, आलं, पुन्हा गेलं.

"जाडच आहेत."

"काकू, याहून पातळ म्हणजे नुसती हवा!" दुकानदार वैतागला. "रागावू नका, पण नाचता येईना..."

"पुरं करा की. अंगण वाकडं, असंच ना?" काकू कडाडल्या. "तीस वर्षं नाचतेय मी. तू बघ गं जरा. म्हणजे यांची खात्री पटेल."

सून त्याच रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरायची. चार वर्षांत तिने तीनदा विचारलं होतं, आई, मला कलम शिकवता का? तिन्ही वेळा काकूंचं उत्तर एकच. "कागदाखालचा केस कळतो का आधी? ज्याला केस कळतो त्यालाच साल कळते." त्यांना त्यांच्या गुरूने हेच सांगितलं होतं. सुनेपुढे कागद मात्र त्यांनी कधी ठेवला नव्हता.

सुनेने मोजे घातले, डोळे मिटले. काकूंनी केस मुद्दाम कोपऱ्यात तिरका सरकवला. सुनेचं बोट कडेकडेने आलं, कोपऱ्याशी पोचलं आणि थांबलं. क्षणभरच. मग पुढे गेलं.

"छे. मलाही नाही कळत, आई. मोजेच जाड आहेत."

 काकूंनी उघडं बोट कागदावर टेकवलं, डोळे उघडे ठेवून, केस जिथे होता बरोबर तिथे. हलकं फिरवलं. जरा दाबून फिरवलं. भेगांची आग कळत होती. केस कळत नव्हता.

"मग कोणते देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"हेच. पण लहान मापाचे."

"तुम्हाला लहान होतील."

"हिच्या मापाचे द्या."

सुनेच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "आई, मला खरंच नाही हो कळलं."

"खोटं बोलायचं तर बोट थांबवू नये गं."

"पण सोमवारी..."

"मधे दोन दिवस आहेत. आजच फांद्या छाटून आण. मी शेजारी बसते."

"आणि मालकांना काय सांगायचं?"

काकूंनी कागद उचलून केस फुंकरीने उडवला.

"सांगेन, अंगण सरळच होतं."

दुकानदार मान खाली घालून लहान माप शोधू लागला. ते सापडल्यावर काकूंनी सुनेचा हात हातात घेतला आणि मोज्याचं एकेक बोट ओढून नीट बसवलं.