शिंपीकाकांचा मेणाचा ठोकळा

मित्रांनो, काडेपेटीहून लहान असा मी मेणाचा एक जुना ठोकळा आहे. माझ्या पोटात एका माणसाच्या जठराचा नखाएवढा तुकडा आहे. तो माणूस म्हणजे शिंपीकाका.

शिंपीकाकांनी पोटदुखी कितीतरी महिने अंगावर काढली. "पित्त आहे गं," असं म्हणून मुलीला वाटेला लावायचे. शेवटी तिनेच त्यांना हाताला धरून दवाखान्यात आणलं. जठराचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेच्या सकाळी ते सर्जनना म्हणाले, "डॉक्टर, बेतानं कापा हं. नवं कापड मिळायचं नाही!"

कापलेल्या भागातला एक तुकडा प्रयोगशाळेत आला. तिथल्या तंत्रज्ञ मावशींनी तो पातळ मेणात बसवला, गार केला, कडेला क्रमांक घातला आणि मी जन्मलो. मग यंत्रावर माझे पापुद्रे निघाले, कांद्याच्या पापुद्र्याहूनही तलम. मावशी ते कोमट पाण्यावर तरंगवून अलगद काचेवर घेत. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, सुरेख काम!" काय दिवस होते ते!

नंतर मी खणात गेलो. काका बरे होऊन घरी गेले, हे मावशींच्या बोलण्यातून कळलं. वर्षं सरली. धूळ साचली. एकदा नवे साहेब आले आणि म्हणाले, "ही अडगळ काढून टाका. जागा हवीय."

मावशी खणासमोर उभ्या राहिल्या. "साहेब, ही माणसं आहेत. जागा मी करते." त्यांनी स्वतःचं कपाट रिकामं केलं आणि आम्हाला त्यात रचलं.

सहाव्या वर्षी काकांची मुलगी धापा टाकत आली. दुखणं उलटलं होतं, यकृतात पसरलं होतं. कुठलं औषध लागू पडेल ते तपासायला तुकडा हवा होता, पण नवा काढण्याइतकी ताकद काकांच्या अंगात उरली नव्हती.

"मावशी, बाबांचा तेव्हाचा तुकडा आहे का हो अजून?"

मावशींनी मला पहिल्याच फटक्यात काढलं. पुन्हा पापुद्रे निघाले, त्यांवर नवं रसायन पडलं. पेशींच्या कडांवर एक विशिष्ट प्रथिन असेल, तर तिथे तपकिरी रंग चढणार होता. मला धडधडायला काळीज नाही. मावशींचं मात्र धडधडत होतं.

रंग चढला. गडद.

डॉक्टरीणबाई मुलीला म्हणाल्या, "या प्रथिनावर चालणारं औषध आहे. रोग मुळापासून जाईल असं नाही म्हणत मी. पण वेळ मिळेल, बऱ्यापैकी."

पावणेतीन वर्षं मिळाली. तेवढ्या वेळात काकांनी नातीला मशीन चालवायला शिकवलं. तिची पहिली वाकडी शिलाई उसवू दिली नाही.

काका गेल्यानंतर मुलगी मावशींना भेटायला आली. मावशींनी मला तिच्या तळहातावर ठेवलं. माझ्यात आता फार काही उरलेलं नाही. तिने माझ्या कडेचा क्रमांक वाचला. मग म्हणाली, "नीट ठेवा हं यांना."

मित्रांनो, घरातलं कुणी पोट धरून "काही नाही" म्हणालं, तर ऐकू नका. हाताला धरून घेऊन जा. आणि पुढे तुमच्यापैकी कुणाच्या हाती अशा कपाटाची किल्ली आली, तर आम्हाला टाकण्याआधी आमच्यावरचा क्रमांक एकदा वाचा. कुणीतरी अजून आमची वाट पाहत असेल.