मोहिनीच्या नावाची नळी

आशाने ब्लाउजची बाही वर सरकवली आणि उजवा हात पुढे केला. स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलेल्या धाकट्या बहिणीची, मोहिनीची, हालचालही ऐकू येत नव्हती.

"नाव?" लॅबमधून रक्त न्यायला आलेल्या हर्षालीने विचारलं.

"मोहिनी."

"ऑपरेशन कुठल्या बाजूचं, ताई? त्या बाजूच्या हाताचं रक्त आम्ही घेत नाही."

"डाव्या बाजूचं." बोलताना आशाचा डावा हात आपोआप छातीवर गेला. तिथे सगळं जागच्या जागी होतं, आणि त्याचीच तिला लाज वाटली.

डॉक्टरांनी दोघींना नीट समजावलं होतं. रक्तात कॅन्सरचे अंश सापडले, तर सध्याच्या गोळ्या बंद आणि पुन्हा केमो. नाही सापडले, तर गोळ्याच चालू. मागच्या केमोत मोहिनीला पाण्याचा घोटसुद्धा तिखटासारखा झोंबायचा. आज सकाळी सिन्नरहून एसटीने आलेल्या आशाचे तिने पायच धरले.

"आक्का, तुझं रक्त दे. वणीच्या देवीची शपथ आहे तुला."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मोहिनीने तर काडीलाच शपथ घातली. हे चूक आहे, हे आशाला कळत होतं. पण पायांवर टेकलेलं ते डोकं, पुन्हा उगवून आत्ता कुठे मानेपर्यंत आलेले ते केस, तिच्याने झिडकारवले नाहीत.

नळी भरली. हर्षालीने तिच्यावर मोहिनीचं नाव चिकटवलं, नमुन्यांचा डबा उचलला आणि ती जिना उतरली.

मोहिनी बाहेर आली. कित्येक दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला होता. आशाच्या हातावरचा कापूस तिने हलकेच दाबून धरला.

"आक्का, रिपोर्ट चांगला येईल ना गं?"

आशाने तिच्याकडे निरखून पाहिलं. मोहिनी थट्टा करत नव्हती. तिने खरंच विचारलं होतं, आणि ती उत्तराची वाट पाहत होती. नळीतलं रक्त आपलं नाही, हे जणू ती विसरलीच होती.

हात सोडवून ती गॅलरीत धावली. खाली हर्षाली स्कूटरच्या डिकीत डबा ठेवत होती. आशाने वरून हाक मारली.

"परत वर या. मोहिनीचं रक्त घ्यायचं राहिलंय."

मागून मोहिनीने तिचा दंड धरला. धरला, पण ओढला नाही.