दसरूदादाची चप्पल

तह झाल्यापासून माझ्या भावाची चप्पल रोज सकाळी घरी येते. भाऊ येत नाही. चप्पल ओली असते, तळाला लाल माती. डावा पट्टा मीच तारेने बांधून दिला होता, ती तार तशीच आहे. माय चप्पल पुसते, दारात वाळवते. दुपारी ती निघून जाते.

गावात असे एकोणीस जोड येतात. त्याबद्दल कुणी बोलत नाही. लढाई संपली, मतदान झालं, सगळ्यांच्या बोटाला शाई लागली.

मग चौकशीवाले आले आणि शाळेत बसले. तीच शाळा. ‘तुझा भाऊ पळून गेला’ म्हणणाऱ्या मास्तरला मी डस्टर फेकून मारलं आणि नववीतच निघून आले, ती.

त्यांच्यातल्या कारकून बाबूने कागद वाचून दाखवला. ‘दसरू स्वतःहून घर सोडून गेला.’

“नेलं त्याले,” माय म्हणाली. “जेवता जेवता उठवलं बूटवाल्यानं. चप्पल घालू देल्ली, तेवढंच.”

“साक्षीदार?”

“चप्पल हाये ना.”

बाबू हसला नाही. त्याने नियमांचं पुस्तक चाळलं. “चालेल. उद्या दुपारी तीनला हजर करा. नाहीतर हेच कायम.”

दुसऱ्या दिवशी चपला निघून गेल्या नाहीत. एकोणीसही जोड आमच्याबरोबर शाळेपर्यंत चालत आले. दारावर पाटी होती: चपला बाहेर काढाव्यात. तिथे चौकशीच्या साहेबाचे काळे बूट ठेवले होते. सगळ्या चपला त्यांच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बुटांच्या नाड्यांत लाल माती होती.

मीही माझी चप्पल काढली, आत गेले. साहेब खुर्चीत पायमोज्यांवर बसला होता.

“साक्षीदार बाहेर आहे,” मी म्हणाले. “तुम्ही या.”

“साहेबांना खुर्ची सोडता येत नाही,” बाबू म्हणाला.

“मग तिला आत घ्या.”

“आत सतरंजी आहे,” बाबू म्हणाला आणि तीनदा पुकारा केला. “दसरूची चप्पल हजर आहे का?”

दादाची चप्पल पुढे सरकली. उंबऱ्याशी येऊन थांबली. आमच्या घरच्या चपला कधी उंबरा ओलांडत नाहीत, तशीच सवय आहे त्यांना.

“गैरहजर,” बाबूने लिहायला घेतलं.

माझं डोकं फिरलं. मी बाहेर आले, दादाची चप्पल पायात घातली आणि थेट सतरंजीवर गेले. चप्पल सैल होईल वाटलं होतं. बरोबर बसली. मागे लाल पावलं उमटली.

“काढ ती.”

“निघत नाही.” खरंच निघत नव्हती.

बाबू टेबलावरून वाकला. “चप्पल कुणाची?”

“दसरूची.”

“पाय?”

मी खाली पाहिलं. अंगठ्यावर कुऱ्हाडीचा जुना व्रण होता. मला कधी कुऱ्हाड लागली नव्हती.

“दसरूचे,” मी म्हणाले.

बाबूने आधीची ओळ खोडली. लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं. “दसरू परत आला. समक्ष हजर. प्रकरण बंद.”

साहेबाने सही केली.

“माय!” मी ओरडले. पाय दाराकडे वळले होते, मी वळवले नव्हते.

माय बाहेर पायरीवर बसली होती. तिने वर पाहिलं नाही. चपलांच्या रांगेतून तिने माझी चप्पल उचलली. ती ओली होती. मायने पदर घेतला आणि ती पुसायला लागली.