माझ्यासाठी केलेली खोली

टेलिफोन ऑपरेटर होतो तेव्हा सारं हदगाव माझ्या कानात बोलायचं. मी आनंदराज, जन्माचा आंधळा. निवृत्त झालो आणि सहा महिन्यांत माझी बायको महामाया गेली. घरात पंख्याचा तेवढा आवाज उरला. तो ऐकवेना, म्हणून रोज वाचनालयात जाऊ लागलो. तिथे माझा लहानपणचा दोस्त नरसिंग मला मोठ्याने पेपर वाचून दाखवायचा, आणि टेबलाभोवतीचे चारपाच म्हातारे बातमीबातमीवर भांडायचे. स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी गोंगाटाची तक्रार केली. मग मी अर्ज दिला, अंधांची काहीतरी सोय करा.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! मला अख्खी खोली मिळाली. फीत कापली, फोटो निघाले. आत बोलणारं मशीन आणि हेडफोन. मशीन न दमता सगळा पेपर वाचतं. पण ते चिडत नाही, कुणाला शिव्या घालत नाही, 'थांब आनंदा, हे ऐक' म्हणत नाही.

नरसिंग एकदा डोकावला. "आता तुझं बेस झालं गड्या," म्हणाला, आणि पुन्हा आला नाही. खोटं कशाला सांगू, हेडफोन लावून मी रडलोय.

परवा संध्याकाळी हेडफोन काढून उठलो तर सगळीकडे चिडीचूप. चाचपडत मुख्य दाराशी गेलो. बाहेरून कुलूप. ग्रंथपाल हरिओमला फोन लावला, तो धावतपळत आला.

"काका, माफ करा. बंद करताना कुठं लाइट चालू हाय का तेवढं बघतो मी. तुमच्या खोलीत अंधार होता. वाटलं, कोणी न्हाई."

"मंग माझ्या खोलीतला लाइट लावत जा."

"तुमाला काय करायचाय लाइट?"

"मला न्हाई रे. मी हाय, हे तुमाला दिसावं म्हणून."

हरिओमने पुन्हा कुलूप लावलं. मला बसस्टँडपर्यंत हात धरून सोडलं त्याने.

आता खोलीत शिरलो की आधी बटण दाबतो. लाइट लागला की नाही ते मला कळत नाही, पण दाबतो. हेडफोन एकाच कानाला लावतो. दुसरा दाराकडे मोकळा ठेवतो. अजून तरी कुणी आलेलं नाही.