चवथीच्या चंद्राचा साक्षीदार

माझ्या नवऱ्याचं, विजयसिंहांचं, कोल्हापुरात गंगावेशीत पंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि डोक्यात चंद्र आहे. रंकाळा तलावाचं पाणी, पाण्यात उभा जुना दगडी संध्यामठ, वर चंद्र, आणि हे सगळं एकाच फोटोत स्वच्छ यावं, एवढं एकच मागणं. लग्न झाल्यापासून मी हे ऐकतेय. दर पौर्णिमेला ट्रायपॉड खांद्यावर टाकून जायचे आणि येताना कधी पांढरा ठिपका आणायचे, कधी फुटलेल्या अंड्यासारखं काहीतरी.

यात चुकतं काय, हे मी न विचारता त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की डाळीच्या भावासारखं पाठ झालंय. पौर्णिमेच्या चंद्राला उजेड फार. त्याला सांभाळलं की मठ काळाठिक्कर, मठाला सांभाळलं की चंद्राचा नुसता दिवा. शटर जास्त वेळ उघडं ठेवावं तर तेवढ्यात चंद्र सरकतो. आणि चौपाटीवरच्या भेळगाड्यांचे बल्ब पाण्यात लांबच लांब उतरतात ते वेगळंच. म्हणजे पाहिजे काय, तर बारीक कोर, सूर्य बुडाल्यावरचा निळसर उजेड, काठोकाठ भरलेला तलाव आणि बंद भेळगाड्या. असं सगळं जमून येणारी संध्याकाळ वर्षातून एकदाच येते. गणेश चतुर्थीची.

आणि नेमकं त्याच दिवशी चंद्राकडे बघायचं नसतं. बघितला तर चोरीचा खोटा आळ येतो. बाकीच्या घरांत हे सांगतात आणि सोडून देतात, पण आमच्या घरात आत्ती आहेत. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, बाळाबाई. त्या संध्याकाळी त्या आपल्या खिडक्या लावतात, मग गल्लीतल्या लोकांच्या लावतात. एका वर्षी गॅसवाल्याच्या डोक्यावर पोतं घालून त्यांनी त्याला गल्लीबाहेर काढलं होतं. आमच्या अर्ध्या शिवाजी पेठेनं त्यांच्या धाकानं आजवर चवथीचा चंद्र बघितलेला नाही.

यंदा शहरातल्या फोटोग्राफरांच्या एका मंडळानं स्पर्धा ठेवली होती आणि फोटो पाठवायची मुदत नेमकी चतुर्थीला संपत होती. विजयसिंह दुर्वा आणायला म्हणून बाहेर पडले. दुर्वा सकाळीच आल्या होत्या, हे मला ठाऊक होतं. मी अडवलं नाही. एकदाचा हा फोटो मिळाला तर माझ्या संध्याकाळी मला परत मिळतील, असा माझा सरळ हिशेब होता.

आरतीची वेळ झाली तरी यांचा पत्ता नाही. आत्तींना काय समजायचं ते समजलं. पदर कपाळावरून नाकापर्यंत ओढून, आपल्याच पायांकडे बघत त्या तरातरा रंकाळ्यावर गेल्या. तिथलं पुढचं मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं, पण गोष्ट एकच होती. यांनी फोटो काढला होता, फोनवरून स्पर्धेला पाठवूनही दिला होता, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत एकटेच हसत उभे होते.

"काय करायलास हितं? पूस ते आधी," आत्ती म्हणाल्या.

यांनी पुष्कळ विनवलं. तर आत्ती कट्ट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, ते पुसल्याशिवाय मी उठत नाही, आणि मी उठल्याशिवाय आरती होत नाही. यांनी अख्खं कार्ड पुसलं. नंतर त्याच कार्डावर गौरी-गणपतीचे फोटो काढून झाले. पण त्या रात्री मोदक खाताना हे मध्येच थांबून हसत होते. फोटो जमला, एवढंच मला हळूच म्हणाले. इतका आनंदी माणूस मी आमच्या घरात पूर्वी बघितला नव्हता.

विसर्जनानंतर बक्षीस समारंभ होता. आम्ही तिघंही गेलो. मोठ्या पडद्यावर एकेक फोटो दाखवत होते, आणि त्यात यांचा आला. निळं पाणी, काळा मठ, वर नखाएवढी कोर आणि पाण्यात तिचं हलकंसं प्रतिबिंब. मला चंद्राचा राग आहे, तरी मी खुर्चीत पुढं सरकून बघत राहिले.

मग परीक्षक बाळासो माइकवर आले. त्यांचा स्टुडिओ जुना, अर्ध्या कोल्हापुराची लग्नं त्यांनी टिपलीत. माझंही टिपलंय, सगळ्या फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत. बाळासो म्हणाले, याच फोटोला पहिला नंबर द्यायचा होता, पण यातला चंद्र दुसरीकडून उचलून आणून चिकटवलेला दिसतो. कॅमेऱ्यातली मूळ फाइल असेल तर दाखवा.

विजयसिंह उभे राहिले. एकदा आईकडे बघितलं आणि म्हणाले, "चुकून पुसली."

सभागृह हसलं. माझ्या शेजारी आत्ती पुटपुटल्या, "लागला बघ आळ." त्यात थोडं समाधानही होतं, आणि माझं डोकं फिरलं ते त्यामुळं. मी उठले आणि बाळासोंना विचारलं, त्या संध्याकाळी तुम्ही कुठं होता?

ते म्हणाले, "गल्लीच्या मंडळाचा गणपती घेऊन रंकाळ्यावरनंच गेलतो की. आभाळात काय न्हवतं."

"वर बघितलासा काय?"

बाळासोंनी माइक या हातातून त्या हातात घेतला. "चवथीला वर कोण बघतंय, वहिनी?"

लोकांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, मग इथं कुणी बघितला असेल तर हात वर करा. जगात दिसेल त्याचा फोटो काढणारी माणसं नुसती खचाखच बसली होती, पण एक हात वर येईना. ज्यांनी बघितला असेल तेही कबूल करायला तयार नव्हते. बाळासो म्हणाले, साक्षीदार नसला तर आमचा नाइलाज आहे, आणि त्यांनी पुढच्या फोटोचं नाव घेतलं.

"जाऊ दे, क्रांती," हे म्हणाले आणि चप्पल शोधायला लागले. वाद घातला असता तर चाललं असतं. पण त्यांचं ते शहाण्यासारखं तोंड मला बघवेना. आपल्या आईचं नाव त्यांनी तेव्हाही घेतलं नाही.

तेवढ्यात आत्ती उठल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. आत्तींना उभं राहिलेलं बघून पुढच्या दोन रांगा आपोआप ताठ बसल्या, कारण ती सगळी आमच्याच पेठेतली होती.

"चंद्र हुता," आत्ती म्हणाल्या. "मी बघितलाय."

बाळासोंच्या हातातला कागद तसाच राहिला. "काकू, तुम्ही? कॅमेऱ्यातला बघितला असंल."

"आभाळातला. दोनदा बघितला. एकदा चुकून, आणि एकदा लई देखणा हुता म्हणून."