वस्ताद म्हणजे कोण

शबनूरचं काम ऐकायला मोठं झोकदार होतं. मोबाइलवर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं तिच्या कंपनीचं एक यंत्र इंटरनेटवरचं मराठी वाचून शहाणं होणार होतं, आणि ते जे शिकलं ते बरोबर की चूक, हे शबनूरनं कोल्हापुरात बसून सांगायचं. दिवसाला आठशे वाक्यं, दोन बटणं. विचार करायचा पगार कुणी देत नव्हतं.

एका दुपारी वाक्य आलं, ‘वस्ताद म्हणजे लबाड, बेरकी माणूस.’ खाली पुरावा म्हणून कुणी कुणी लिहिलेलं, ‘फार वस्ताद आहे तो, सांभाळून राहा.’ तिनं ‘बरोबर’ दाबलं. लोक म्हणतातच की तसं! पण मंगळवार पेठेत तिच्याच बापाला तीस वर्षं सगळे करीम वस्ताद म्हणत होते, कारण लाठी शिकवणाऱ्याला कोल्हापूर वस्तादच म्हणतं आणि पाया पडून म्हणतं. घरातला हा शब्द कामावर भेटला तर बयेला ओळखूच आला नाही.

दोन महिन्यांनी गडहिंग्लजच्या एका मुलींच्या शाळेनं करीमना लाठी शिकवायला बोलावलं. बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा एखादी शाळा बोलावत होती. त्यांनी नवा सदरा शिवून घेतला, लाठ्यांना तेल पाजलं. निघायच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापिका श्यामलाबाईंचा फोन आला, तो शबनूरनं घेतला.

‘राग मानू नका,’ बाई म्हणाल्या. ‘पालकांनी मोबाइलला विचारलं, मंगळवार पेठेतले करीम वस्ताद कोण? तो म्हणतो, एक लबाड माणूस. मुलींचा प्रश्न आहे हो. त्यात नावही... तुम्ही समजून घ्या.’

नावाचं काय, ते शबनूरला बरोबर समजलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तडक ऑफिसात गेली आणि तिचं काम तपासणाऱ्या अर्णवसरांपुढं उभी राहिली.

‘सर, ते वाक्य चूक करा. वस्ताद म्हणजे गुरू. माझे अब्बाच वस्ताद हायत.’

‘असं कुठं लिहिलंय? लिंक द्या.’

लिंक कुठली आणणार? करीमचे चेले लाठी फिरवायचे, लिहीत कोण बसलं होतं? अर्णवसरांनी स्क्रीन तिच्याकडं वळवली. ‘आणि हे बरोबर तुम्हीच दिलंय.’

शबनूरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी जेवताना तिनं अब्बांना मोबाइल काय म्हणतो आणि शाळा आता नको म्हणते ते सांगितलं. ‘बरोबर’ कुणी दाबलं, ते मात्र तिच्या तोंडून निघेना. करीमनी हातातला घास परत ताटात ठेवला.

‘त्या यंत्राचा काय दोष?’ ते म्हणाले. ‘पोरगं चुकीचा हात मारतंय तवा मी पोराला कधी बोललो न्हाय. शिकीवणाऱ्याला धरायचं. त्येला ह्ये कुणी शिकीवलं? तुमच्याच लायनीतलं कोणतर आसंल की. तुला म्हाईत हाय?’

‘न्हाय, अब्बा,’ शबनूर म्हणाली आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.